पहिली तीन वर्षे कोणाच्या हाताखाली?

बी.एड.च्या सराव पाठाचा दिवस शाळेतल्या मुलांना लांबूनच ओळखू येतो. छात्राध्यापकाच्या हातात गुंडाळलेला तक्ता असतो, बगलेत टाचणवही असते आणि मागच्या बाकावर महाविद्यालयाचे प्राध्यापक निरीक्षण वही उघडून बसलेले असतात. प्रस्तावनेचे तीन-चार प्रश्न विचारले जातात, नेहमी उत्तरे देणारी मुले उत्तरे देतात, मग हेतुकथन, विषयविवेचन, फलकलेखन, संकलन, आणि घंटा व्हायच्या आत स्वाध्याय. ज्या मुलाला कालचाच भाग कळलेला नाही त्याला या तासात जागा नसते. तो मागे राहिला हे पाठ घेणाऱ्याला ठाऊक नसते, कारण काल तो या वर्गावर नव्हता आणि उद्या असेलच असे नाही. पाठाला गुण चांगले पडतात. त्या मुलाचे पुढे काय झाले, हे विचारायची जबाबदारी त्या खोलीत कोणावरच नसते.

छात्राध्यापकांना यात दोष देता येणार नाही. त्यांना जे करायला सांगितले ते ते मनापासून करतात. मात्र आपण त्यांना शिकवायला शिकवतो ते अशा परिस्थितीत, जी पुढच्या तीस वर्षांत त्यांच्या वाट्याला एकदाही येणार नाही. मागे बसून टिपणे घेणारे प्राध्यापक पुढे नसतात, आधीपासून निवडून ठेवलेला सोयीचा घटक नसतो, गप्प बसायची ताकीद मिळालेला वर्गही नसतो. सातपुड्यातल्या किंवा मेळघाटातल्या द्विशिक्षकी शाळेत एका खोलीत दोन इयत्ता बसलेल्या असतात. मुले घरी पावरी किंवा कोरकू बोलतात, पुस्तक प्रमाण मराठीत असते, आणि दुसरे गुरुजी तालुक्याच्या बैठकीला गेलेले असतात. तिथे पाठाच्या पंचपदीतली पहिली पायरीसुद्धा पुस्तकात आहे तशी उभी राहत नाही.

शिक्षक शाळेतच घडला पाहिजे, असे म्हणणारा मी आहे. हे म्हणणे नवे नाही आणि त्याला आता फारसा विरोधही होत नाही. अडचण पुढे येते. शिक्षक शाळेत घडवायचा म्हणजे त्याला शाळेत पाठवून द्यायचे, एवढाच अर्थ आपण घेतला आहे. शाळेत त्याला शिकवणार कोण, त्या शिकवणाऱ्याला वेळ कोण देणार आणि त्या वेळेचे पैसे कोण मोजणार, हे तीन प्रश्न सुटल्याखेरीज शाळाधारित प्रशिक्षण म्हणजे नवख्याला वर्गात सोडून दार लावून घेणे होय. महाराष्ट्रात तर आपण हे दार तीन वर्षांसाठी लावतो.

आधी महाविद्यालयाकडे पाहू. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षक-शिक्षणाची तपासणी करणारा आयोग नेमला. त्या खटल्याचे मूळ आपल्याच राज्यात होते. महाराष्ट्रातल्या २९१ डी.एड. संस्थांच्या मान्यतेचा तो वाद. कागदावर इमारत, कागदावर ग्रंथालय, कागदावर प्राध्यापक, अशा संस्थांचे पीक त्या दशकात कसे आले हे त्या काळात डी.एड. केलेल्यांना सांगायला नको. आयोगाचा अहवाल २०१२ मध्ये आला, आणि राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २०१४ च्या नियमावलीत बी.एड. दोन वर्षांचे केले. त्यात एकूण २० आठवडे शाळेत घालवायचे, असे ठरले. आंतरवासिता हा शब्द तेव्हापासून रुळला.

२० आठवडे म्हणजे थोडा काळ नव्हे. त्यांचे काय होते? चांगल्या महाविद्यालयांत आणि चांगल्या शाळांत त्यांचे सोने होते, हे मी मान्य करतो. पण बऱ्याच ठिकाणी छात्राध्यापक आले की मुख्याध्यापकांना हायसे वाटते ते रजेवरच्या शिक्षकांचे तास निघतील म्हणून. त्यांना वर्ग मिळतात, मार्गदर्शन मिळत नाही. ज्या शिक्षिकेच्या वर्गावर ते जातात त्या बाई तेवढ्या वेळात ऑनलाइन माहिती भरतात, कारण ती आजच्या आज भरायची असते. शेवटी सहीशिक्क्याचे प्रमाणपत्र हातात पडते. बाईंचा यात काय दोष? छात्राध्यापकाला शिकवणे हे त्यांचे काम आहे, असे त्यांना कोणी कधी सांगितलेले नाही. त्यासाठी त्यांचा एक तासही कमी केलेला नाही.

वैद्यकीय महाविद्यालयाला रुग्णालयावाचून मान्यता मिळत नाही. फिनलंडमध्ये शिक्षक घडवणाऱ्या विद्यापीठांच्या स्वतःच्या सराव शाळा आहेत, आणि तिथल्या शिक्षकांच्या नोकरीतच प्रशिक्षणार्थींना मार्गदर्शन करण्याचे काम धरलेले असते. आपल्याकडे बी.एड. महाविद्यालय दरवर्षी आसपासच्या शाळांना विनंतीपत्रे पाठवते आणि शाळा उपकार केल्यासारख्या होकार देतात.

शिक्षक शाळेतच घडवण्याचा प्रयोग मोठ्या प्रमाणावर आणि दीर्घकाळ झाला तो इंग्लंडमध्ये. त्याच्या यशापेक्षा त्याच्या अपयशातून आपल्याला अधिक शिकता येईल, म्हणून तिथे जरा थांबतो. १८४६ साली जेम्स के-शटलवर्थ यांनी विद्यार्थी-शिक्षकांची पद्धत सुरू केली. तेरा वर्षांचा हुशार मुलगा किंवा मुलगी पाच वर्षे मुख्याध्यापकाच्या हाताखाली उमेदवारी करी. दिवसभर खालच्या वर्गांना शिकवायचे आणि शाळेच्या वेळेबाहेर रोज दीड तास मुख्याध्यापकाकडून स्वतः शिकायचे. विद्यार्थी-शिक्षकाला सरकार पहिल्या वर्षी १० पौंड देई, पाचव्या वर्षी २०. आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की शिकवणाऱ्या मुख्याध्यापकालाही सरकार वेगळे पैसे देई : एका उमेदवाराचे ५ पौंड, दोघांचे ९.

त्या पद्धतीत दोष भरपूर होते. तेरा वर्षांच्या पोरांवर वर्ग सोपवणे आज कोणाला पटणार नाही. तरी मजुरांच्या घरातून शिक्षक होण्याची वाट त्यातून निघाली होती. मग १८६२ साली सुधारित संहिता आली. मुले परीक्षेत उतरतील तसे शाळेला अनुदान द्यायचे, असे ठरले आणि विद्यार्थी-शिक्षकांना व त्यांच्या गुरूंना थेट मिळणारे पैसे बंद झाले. उमेदवार कोणत्या पगारावर ठेवायचे हे शाळा-चालकांच्या मर्जीवर गेले. पुढच्या काही वर्षांत त्यांची संख्या झपाट्याने घटली, आणि जे उरले ते शिकणारे कमी आणि स्वस्त शिक्षक जास्त झाले. उमेदवारीची पद्धत तीच राहिली, शाळाही त्याच राहिल्या. उमेदवाराला शिकवण्याचा मोबदला काढून घेतला, एवढाच फरक पडला होता.

दीडशे वर्षांनी इंग्लंड पुन्हा त्याच वळणावर आले. १९९० च्या दशकात शाळांनी एकत्र येऊन शिक्षक तयार करायच्या योजना निघाल्या. २०१० मध्ये शिक्षणमंत्री मायकेल गोव्ह यांनी अध्यापन ही कारागिरी आहे, ती उस्तादाकडे पाहत शिकायची असते, अशी भूमिका घेतली आणि २०१२ पासून स्कूल डायरेक्ट नावाची योजना जोरात राबवली. विद्यापीठांचे महत्त्व कमी करण्याचा हेतू त्यात लपलेला नव्हता. शाळांना उमेदवार निवडायचा अधिकार मिळाला, काही उमेदवारांना प्रशिक्षणाच्या वर्षातच पगार मिळू लागला. पण माध्यमिक शिक्षकांच्या भरतीची उद्दिष्टे त्यानंतरच्या बहुतेक वर्षांत गाठली गेली नाहीत, आणि आलेले शिक्षक टिकत नाहीत ही तक्रारही गेली नाही. शेवटी २०२१ च्या सप्टेंबरपासून सरकारने वेगळे पाऊल उचलले. नव्या शिक्षकाला दोन वर्षे मार्गदर्शक द्यायचा, पहिल्या वर्षी त्याचे दहा टक्के आणि दुसऱ्या वर्षी पाच टक्के तास कमी करायचे, आणि मार्गदर्शकाच्या वेळेसाठी शाळेला पैसे द्यायचे. के-शटलवर्थ यांच्या ५ पौंडांतला मुद्दा त्यांना पुन्हा मान्य करावा लागला, असे मला वाटते.

गोव्ह यांच्या भूमिकेतला अर्धा भाग मला पटतो. अध्यापनात कारागिरी आहेच. मात्र नुसते पाहून ती शिकता येते हे मला पटत नाही, आणि इथे एक उदाहरण दिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

सहावीचा वर्ग आहे. फळ्यावर एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश. एक मुलगा उत्तर देतो, दोन पंचमांश. अंशात अंश मिळवला, छेदात छेद. अनुभवी बाई 'चूक' म्हणत नाहीत. त्या त्याला विचारतात, दोन पंचमांश मोठे की अर्धे मोठे? मुलगा वहीत एक पट्टी काढतो, तिचे पाच भाग करतो, आणि म्हणतो, अर्धे मोठे. बाई गप्प राहतात. काही क्षणांनी त्याचे त्यालाच उमगते की अर्ध्यात काही मिळवले आणि उत्तर अर्ध्यापेक्षा कमी आले, हे होऊच शकत नाही. तिथून पुढे समच्छेद करणे त्याला स्वतःची गरज म्हणून हवेसे वाटते.

मागच्या बाकावर बसलेल्या नवख्याला यातले काय दिसते? बाईंनी एक प्रश्न विचारला, मग त्या थांबल्या, एवढेच. ते दोन पंचमांश कुठून आले हे बाईंना ऐकताक्षणी कसे कळले, शंभर प्रश्नांतून नेमका हाच प्रश्न त्यांनी का निवडला, थांबायचे कधी आणि सांगून टाकायचे कधी, हे सगळे बाईंच्या डोक्यात घडून गेलेले असते. विचारले तर बाईसुद्धा म्हणतील, सवयीने जमते हो. ते त्यांच्याकडून काढून घ्यावे लागते. तास संपल्यावर वीस मिनिटे बसून, 'तुम्ही तेव्हा त्याला लगेच का नाही सांगितलंत?' असे विचारावे लागते, आणि बाईंना त्यावर बोलायला शिकावे लागते. ऑक्सफर्ड विद्यापीठाने १९८७ मध्ये सुरू केलेल्या योजनेचा सगळा भर या संवादावर होता. डोनाल्ड मॅकिन्टायर आणि हेझल हॅगर यांनी पुढे कितीतरी वर्षे याच प्रश्नावर काम केले : जाणत्या शिक्षकाला जे बोलून दाखवता येत नाही ते नवख्यापर्यंत पोचवायचे कसे? त्या योजनेत उमेदवार वर्षाचा बराच काळ एकाच शाळेशी जोडलेला असे. विद्यापीठात ऐकलेले वर्गात तपासायचे आणि वर्गात पाहिलेल्याला विद्यापीठात जाब विचारायचा, दोन्ही बाजूंनी.

जाब विचारण्याचा हा भाग गाळला तर शाळाधारित प्रशिक्षणावरचा सर्वांत गंभीर आक्षेप खरा ठरतो. जॉन ड्यूई यांनी १९०४ सालीच इशारा दिला होता की नवख्याला लवकर वर्गाच्या धबडग्यात टाकले तर तो वर्ग शांत ठेवायच्या युक्त्या आधी शिकतो आणि मुलाच्या मनात काय चालले आहे हे पाहायला कधीच शिकत नाही. १९७५ मध्ये डॅन लॉर्टी या समाजशास्त्रज्ञाने त्याला दुसरी बाजू जोडली. प्रत्येक शिक्षक आधी बारा-पंधरा वर्षे विद्यार्थी म्हणून शिक्षकांना पाहत आलेला असतो, आणि अडचणीत सापडला की तो प्रशिक्षणातले नव्हे तर लहानपणी पाहिलेले करतो. आपल्याकडे लहानपणी पाहिलेले म्हणजे बहुधा छडी, घोकंपट्टी आणि हुशार मुलांना पुढच्या बाकावर बसवणे. ज्या शाळेत हे आजही चालते तिथे उमेदवार पाठवला तर तो तेच घेऊन बाहेर पडेल. म्हणून सिद्धान्ताला शाळेतून हाकलून देणारे शाळाधारित प्रशिक्षण मला नको आहे. सिद्धान्त शिकवणाऱ्यांनी शाळेत यावे, असे मला हवे आहे.

आणि ते आले होते. लीलाताई पाटील यांनी हयातीचा मोठा भाग शिक्षकांना शिकवण्यात घालवला आणि निवृत्तीनंतर, १९८५ साली, कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय सुरू केले. आपण बी.एड.च्या वर्गात जे सांगत आलो ते साध्या मराठी शाळेत, साध्या घरांतल्या मुलांसोबत उभे राहते का, हे त्यांनी तपासून पाहिले. त्या शाळेतल्या शिक्षिका तिथे शिकवता शिकवता तयार झाल्या. अध्यापक महाविद्यालयातल्या किती प्राध्यापकांना शेवटचा सलग महिनाभर शाळेतला वर्ग कधी सांभाळला हे आठवत असेल? हा प्रश्न कडवट वाटेल, पण तो विचारला पाहिजे, आणि त्याचे उत्तर सेवानियमांतच शोधले पाहिजे. प्राध्यापकाने दर तीन-चार वर्षांनी एक सत्र शाळेत शिकवावे, हे त्याच्या पदाच्या अटींत का असू नये?

त्याहून जुने उदाहरण कोसबाडचे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर स्थिरावल्या. वारली मुले शाळेत येईनात, कारण गुरे राखायची होती आणि धाकटी भावंडे सांभाळायची होती. तेव्हा शाळा त्यांच्या अंगणात गेली, कुरणात गेली. तिथे तयार झालेल्या बालसेविकांनी बालमानसशास्त्र शिकले ते समोरच्या मुलाकडे पाहत. मूल येत का नाही, या प्रश्नापासूनच त्यांचे शिक्षण सुरू झाले. शिक्षक घडवण्याचे काम आणि मुले शिकवण्याचे काम त्या टेकडीवर एकाच आवारात चालले. ही परंपरा आपल्या घरात असताना हा विचार बाहेरून आला आहे, असे धरून त्याला नमस्कार करायची किंवा नाक मुरडायची गरज नाही.

आता त्या बंद दाराकडे येतो.

२००० सालापासून महाराष्ट्रात नव्या शिक्षकाची पहिली तीन वर्षे शिक्षण सेवक म्हणून जातात. ठरावीक मानधन, मग नियमित वेतनश्रेणी. कितीतरी वर्षे हे मानधन प्राथमिकला ६,००० आणि माध्यमिकला ८,००० रुपये होते. जानेवारी २०२३ पासून ते १६,००० आणि १८,००० झाले. पात्रता परीक्षा, अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टल असा रस्ता पार करून आलेला हा माणूस पहिल्या दिवसापासून पूर्ण वर्ग सांभाळतो, शेजारच्या अनुभवी शिक्षकाइतकेच तास घेतो, निवडणुकीच्या याद्यांचे काम त्याच्याही गळ्यात पडते. नियमित शिक्षकापेक्षा तो कमी आहे तो फक्त पगारात. पगार कमी का, तर तो नवा आहे. मग नवा आहे म्हणून त्याला कोणी शिकवते का? नाही. उमेदवारीचा तोटा तेवढा त्याच्या वाट्याला आला, उमेदवारीचा लाभ आला नाही. १८६२ नंतरच्या इंग्लंडमधल्या त्या पोरांची आठवण मला इथे होते.

महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षकाविषयी मांडलेले म्हणणे मला या संदर्भात महत्त्वाचे वाटते. शिक्षक प्रशिक्षित असावा, शक्यतो शेतकरी वर्गातला असावा, नांगर धरायची त्याला लाज वाटू नये, आणि त्याचा पगार महिना बारा रुपयांहून कमी नसावा, असे त्यांनी सांगितले. प्रशिक्षण, समाजाशी नाते आणि पगार या तीन गोष्टी त्यांनी एका दमात मागितल्या. आपण त्या सुट्या केल्या आणि एकेकीवर वेगवेगळे शासन निर्णय काढत बसलो.

माझी मागणी अशी आहे. ही तीन वर्षे असूच द्या, पण ती खऱ्या अर्थाने शिकण्याची करा, आणि मानधन काढून पूर्ण वेतन द्या. पहिले वर्ष कोणालाही द्विशिक्षकी शाळेत एकटे पाठवू नका. त्याला केंद्रशाळेत किंवा पुरेशा शिक्षकांच्या शाळेत एका अनुभवी शिक्षकाच्या जोडीला ठेवा. निम्मे तास स्वतःचे, उरलेल्या वेळात दुसऱ्यांचे तास पाहणे, मुलांच्या वह्या घेऊन बसणे, मुलांच्या घरी जाणे, त्यांची बोली शिकणे. बहुवर्ग अध्यापन म्हणजे काय हे त्याला आसपासच्या लहान शाळेत जाऊन पाहू द्या. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी तो आपल्या शाळेवर जाईल, पण मार्गदर्शक तोच राहील आणि महिन्यातून ठरलेल्या दिवशी त्याच्या वर्गात येईल. मार्गदर्शकाचे तास एक तृतीयांशाने कमी करा, त्याला भत्ता द्या, आणि मुख्य म्हणजे त्याला या कामाचे स्वतंत्र प्रशिक्षण द्या. उत्तम शिकवणारा आपोआप उत्तम मार्गदर्शक होत नाही, हे त्या अपूर्णांकांच्या तासावरून दिसतेच. जिल्हा शिक्षण संस्था आणि अध्यापक महाविद्यालये यांनी या केंद्रशाळांशी कायमचे जोडून घ्यावे. केंद्राची रचना आपल्याकडे आहेच. केंद्रप्रमुखांची पदे वर्षानुवर्षे रिकामी ठेवून आणि भरलेल्या पदांकडून माहितीचे तक्ते गोळा करून घेऊन आपण ती वाया घालवत आहोत.

मुलांवर नवख्याचे प्रयोग होतील, अशी भीती पालकांना वाटेल. आज ते होतच आहेत, आणि तेही कोणाची नजर नसताना, बहुधा सर्वांत दूरच्या पाड्यावरच्या मुलांवर. बदलीच्या रांगेत अखेरच्या उरलेल्या जागा नव्यांच्या वाट्याला येतात. ज्या मुलांना सर्वांत जाणत्या शिक्षकाची गरज त्यांच्यापुढे आपण सर्वांत नवखा उभा करतो. हा अन्याय मुलांवरही आहे आणि त्या शिक्षकावरही.

खरा आक्षेप मनुष्यबळाचा आहे. नव्यांचे निम्मे तास आणि मार्गदर्शकांचे एक तृतीयांश तास कमी केले तर ते घेणार कोण? आधीच जागा रिकाम्या आहेत. याला उत्तर एकच, भरती एक वर्ष आधी करायची. हे अशक्य नाही. जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शिक्षकाची जन्मतारीख सेवापुस्तकात आहे, निवृत्तीचे वय ५८ ठरलेले आहे. २०३० मध्ये कोणत्या शाळेतली कोणती जागा कोणत्या महिन्यात रिकामी होणार, हे आज सांगता येते. तरी ती जागा रिकामी झाल्यावर बिंदुनामावली, रोस्टर तपासणी, जाहिरात आणि न्यायालयातले खटले सुरू होतात, आणि मूल दोन-दोन वर्षे शिक्षकावाचून बसते. निवृत्तीच्या आदल्या जूनमध्ये नवा शिक्षक जिल्ह्यात हजर झाला तर त्याच्या पहिल्या वर्षाची तरतूद तिथेच झाली. खर्च येईल तो दर जागेमागे एका वर्षाच्या पगाराचा, तोही तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीतून एकदा. आणि निवृत्त व्हायला आलेल्या शिक्षकांपैकी ज्यांचा हात चांगला आहे त्यांचे अखेरचे वर्ष मार्गदर्शक म्हणून राखून ठेवता येईल. कोणत्या घरातले मूल पेरणीच्या दिवसांत गैरहजर राहते, कोणत्या वाडीतल्या मुलींची शाळा पाचवीनंतर सुटते, तिसरीला वजाबाकीतला हातचा कशाने समजतो, हे सगळे आज निरोप समारंभाच्या शाल-श्रीफळाबरोबर शाळेबाहेर जाते. एक वर्ष आधी भरती केली तर ते ऐकून घ्यायला शाळेत कोणीतरी असेल.